नाव नसलेली पिशवी

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जुन्या वस्तूंचे एक दालन उभारावे, असे गतवर्षीच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेत ठरले आणि जुन्या वसतिगृहाच्या माळ्यावरील पेट्या उघडण्याचे काम आम्हां तिघांकडे आले. आम्ही तिघे एकाच तुकडीचे, एकाच खोलीत सहा वर्षे राहिलेले. आता तिघेही सेवानिवृत्त आणि तिघांचेही गुडघे शिडीच्या विरोधात. तरीही चढलो. पहिल्या तुकडीचे हजेरीपट, फुटक्या काचेचा कंदील, आठ आण्यांच्या पावत्यांची पुस्तके, ॲल्युमिनियमचे चेपलेले पेले, दोन लष्करी कांबळी, अशी एकेक वस्तू खाली येत होती, तिची नोंद होत होती आणि प्रत्येकीसोबत कोणाची तरी आठवण निघत होती. हे काम संपूच नये, असे वाटण्याइतके ते सुखाचे होते.

एक्केचाळिसाव्या नोंदीपाशी मात्र अडलो. स्नेहसंमेलनाच्या सामानाची जी पत्र्याची पेटी आहे, तीत लाकडी तलवारी, दाढ्यामिशा आणि कसर लागलेले फेटे यांच्या तळाशी एक पिशवी होती. कापड जाड सुती विणीचे, रंग मातकट हिरवा. आकार मात्र चमत्कारिक. वालाचा दाणा वीतभर वाढवावा तशी ती दिसे: खालची कड पोट सुटल्यासारखी गोल आणि वरची मध्ये किंचित आत गेलेली. वर झाकण, झाकणाला पितळी टिचबटण. एका अंगास दोन आडव्या पट्ट्या शिवलेल्या, त्यांतून जाडसर काठी जाईल एवढीच जागा. वरच्या दोन टोकांना दोन लहान पितळी बकले आणि त्या बकलांना जीभ नव्हती. खांद्यास अडकवायला पट्टा नाही, हातात धरायला कान नाही. एवढे मजबूत कापड, एवढी घट्ट शिवण आणि आत ठेवायचे तरी काय, ते उमगू नये! हात लावला की बोटांना हिरवट पूड लागे.

नोंदवहीत ‘वर्णन’ आणि ‘उपयोग’ असे दोन रकाने होते. पहिला भरला, दुसऱ्यावरून चर्चा सुरू झाली. एक शिक्षक म्हणाले, पाण्याच्या बाटलीची खोळ असावी. दुसऱ्यांना ती भिक्षापात्राची झोळी वाटली. स्वयंपाकघरातल्या मावशींनी दारातूनच पाहून ‘बैलाची मुसकी’ असा निकाल दिला आणि त्या पुन्हा आत गेल्या. एका तरुण शिक्षकांना झाकणाच्या आत पुसट शाईची एक खूण दिसली: तीन रेघा एका टोकाशी मिळालेल्या. त्यांच्या डोळ्यांत आनंद मावेना. “सर, हे त्रिरत्न आहे,” असे म्हणून ते लिहूही लागले होते. आम्ही त्यांचा हात धरला. अखेर मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा सुचवला, “तूर्त ‘अज्ञात वस्तू’ एवढेच लिहा.”

आम्ही लिहिले. परंतु खरे सांगायचे तर ती वस्तू आम्हांला सर्वस्वी अज्ञात नव्हती. ती काय आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. ती कोणाची आहे आणि त्या पेटीत कशी आली, हे मात्र तिघांनाही पक्के ठाऊक होते. त्या वेळी तिघांपैकी एकही बोलला नाही.

जुन्या विद्यार्थ्यांना कोठीतले बाबा आठवत असतील. धान्याच्या कोठीच्या किल्ल्या ज्यांच्या करदोट्याला असत, जे ज्वारीचे पोते एकट्याने पाठीवर घेत आणि ताटात एक शीत उरलेले दिसले तर काही न बोलता तिथेच उभे राहत, ते बाबा. रात्री कोठीच्या ओट्यावर बसून ते पलटणीच्या गोष्टी सांगत. कामठीला भरती झालो, असे म्हणत. रात्रीच्या चालीबद्दल सांगत, बुटांत भरलेल्या चिखलाबद्दल सांगत, गोऱ्या साहेबाच्या शिव्यांची नक्कल करीत. आम्ही वयाने बारा-तेराचे. आम्हांला लढाई हवी होती, बाबा चिखल सांगत. आम्ही विचारायचो, “बाबा, बंदूक कुठे आहे तुमची?” ते म्हणायचे, “बंदूक सरकारची होती रे पोट्टेहो, सरकारला देऊन आलो.” पदक? नाही. गणवेश? नाही. फोटो? नाही. निवृत्तिवेतन येत नव्हते, हे तर आम्ही पाहतच होतो. पोस्टमन दर महिन्याला येई आणि बाबांसाठी त्याच्याकडे कधी काही नसे. वरच्या वर्गातील एकाने निदान केले, “बाबा पलटणीत असतील, पण हमाल म्हणून.” ते आम्हांला पटले. मुलांना कोणतीही हलकी गोष्ट लवकर पटते.

एकदा श्रमदानाच्या वेळी आम्ही झाडांची आळी करीत होतो. कोणीतरी बाबांना डिवचले, “लढाईत खंदक कसा खणता हो बाबा?” बाबा क्षणभर थांबले आणि हातातले अवजार घेऊन चक्क मातीत पालथे झाले. छाती जमिनीला, गाल जमिनीला, एका कुशीवर किंचित कलून ते हात आखडून माती ओढू लागले आणि ती डोक्यापुढे रचू लागले. मग दुसऱ्या कुशीवर वळले. धोतर मातीने भरले, तोंडात माती गेली. आम्ही पोट धरून हसलो. पालथे पडून कोणी खणते का? खणणारा माणूस कमरेत वाकतो, हे शेतमजुरांच्या मुलांना काय शिकवावे लागते?

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक प्रहसन बसवले. साल १९७४ असावे. त्यात एक शिपाई होता. त्याच्या खांद्यावर बंदूक म्हणून वरणाचा पळा होता, कमरेला करगोट्याने बांधलेली ही पिशवी होती आणि विंगेत ताट वाजले की तो पालथा पडून रंगमंच खणू लागे. आतून कोणीतरी ओरडे, “बाबा, वरण करपलं!” आणि सभागृह हसून लोटपोट होई. पिशवी आम्ही बाबांच्या खोलीतून, खुंटीवरून, ते कोठीत असताना काढून आणली होती. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या मुलांना न विचारता घेणे म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. शिपायाची भूमिका आम्हां तिघांपैकी एकाने केली होती. कोणी, ते इथे लिहीत नाही. पळा एकाने आणला, पिशवी दुसऱ्याने काढली आणि ताट तिसऱ्याने वाजवले.

बाबा मागच्या दाराशी बसले होते. प्रहसन संपण्याआधी उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात नेहमीसारखी भाकरी पडली, नेहमीएवढीच. पिशवीबद्दल त्यांनी कधीही विचारले नाही आणि आम्हीही ती परत केली नाही. ती सामानाच्या पेटीत गेली आणि तिथेच राहिली. पलटणीची गोष्ट त्यानंतर बाबांनी सांगितली नाही. आम्ही शाळा सोडून नागपुरास शिकायला गेलो, तेव्हा ते कोठीतच होते. पुढे ते वारल्याचे एका मित्राच्या पोस्टकार्डाने कळले, तेही चार महिन्यांनी.

तेव्हा ‘उपयोग’ हा रकाना आम्हांला रिकामा ठेवता येईना, याचे कारण प्रदर्शन हे नव्हतेच.

वस्तू लष्करी आहे, हे त्या खुणेवरूनच लवकर निघाले. त्रिरत्न वाटलेली ती तीन रेघांची खूण म्हणजे बाण. ब्रिटिश सरकारच्या मालावर शतकानुशतके ही खूण मारली जाई. तोफेपासून कांबळ्यापर्यंत ज्यावर हा बाण असेल ते सरकारचे. निरनिराळ्या देशांत तयार होणाऱ्या मालावर बाणाला त्या त्या देशाचे चिन्ह जोडलेले असे. कॅनडाचा बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असतो, ऑस्ट्रेलियाच्या बाणाच्या दोन्ही बाजूंना ‘डी’ उभे असतात. आमच्या पिशवीवर बाणासोबत ‘आय’ होते, म्हणजे इंडिया. खाली साल होते, त्यातले १९४ एवढेच वाचता येई. चौथा आकडा दोन की तीन, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. तरुण शिक्षक हिरमुसले. आम्ही त्यांची समजूत घातली की चूक सुंदर होती.

युद्धकाळी ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या अंगावर जो सुती पट्ट्यांचा साज असे, त्याला १९३७चा नमुना म्हणतात. पूर्वीचे चामडे ओले झाले की आखडे, वाळले की तडके; म्हणून जाड विणीच्या सुती पट्ट्यांचे सामान आले. त्याला वेबिंग म्हणत. आमच्यापैकी एकाच्या नातवाने या नमुन्याच्या १९३९च्या माहितीपुस्तिकेतील चित्रे मोठी करून छापून आणली. आम्ही भिंग घेऊन बसलो. त्या चित्रांत एक गोष्ट शिकलो: शिपायाच्या अंगावर हौसेखातर काही नसते, प्रत्येक पिशवीचा आकार तिच्या आतल्या वस्तूने ठरवलेला असतो. छातीवरचे दोन चौकोनी पाऊच एवढे उंच का, तर त्यांत ब्रेन मशिनगनची मॅगझिने मावली पाहिजेत. पाण्याची बाटली पट्ट्यांच्या सांगाड्यात बसते. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची झोळी चौकोनी आणि मोठी. पाठीवरच्या लहान पिशवीत जेवणाचे डबे आणि जमिनीवर अंथरायचे मेणकापड. अधिकाऱ्यांची पिस्तूल, होकायंत्र आणि दुर्बीण यांची घरे वेगळी. आम्ही एकेक चित्र पिशवीशेजारी धरले. बकले जुळली, तीच जीभ नसलेली. कापड जुळले, बटण जुळले. आकार एकाशीही जुळला नाही. वालाच्या दाण्याच्या आकाराचे त्या पुस्तिकेत काहीच नव्हते.

दोन आठवडे आम्ही इथेच घुटमळलो. कोणी म्हणे, पिशवी नंतर शिवलेली असेल, बकले जुनी लावली असतील. आम्ही इतवारीतल्या भंगाराच्या दुकानांतही गेलो. तिथल्या एका वृद्ध दुकानदाराने पिशवी पाहताच सांगितले, “लढाई संपल्यावर डिस्पोजलचा माल येत असे, त्यातली आहे. बूट, कोट, तंबू, पट्टे. ढिगाने घ्यायचे, तागडीवर विकायचे. बायका पितळेसाठी घेत, शेतकरी पट्ट्यांसाठी.” आणि मग, जणू आमचे सांत्वन करावे तसे, “कोणीही घेऊ शकत होता साहेब. चार आण्यांत.”

हे ऐकून आम्ही गाडीत बसलो आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. कोणीही घेऊ शकत होता. मग बाबांनीही बाजारातूनच घेतली असेल. मग आमचे ते प्रहसन क्रूर असेल, पण खोटे नव्हते, असे काहीसे मनात आले, आणि आल्याची लाजही वाटली. मन अशा वेळी सुटकेची फट शोधत असते.

आमच्या तालुक्यात महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा. पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती हातात घेतली, झाकण उघडून आत पाहिले, बोटाला लागलेली पूड अंगठ्याने चोळली आणि हसले. “ब्लँको,” ते म्हणाले. ब्लँकोच्या वड्या येत. पाण्यात भिजवून ब्रशने पट्ट्यांवर लेप द्यायचा, वाळू द्यायचा आणि पितळ ब्रासोने घासायचे. त्यांच्या भरतीच्या काळातही निम्मी रात्र यातच जाई. “हा एका दिवसाचा लेप नाही,” त्यांनी झाकणाच्या दुमडीवर नख ओढून दाखवले, “थरावर थर आहेत.”

मग त्यांनी विचारले, “हत्यार कुठे आहे?”

आम्ही विचारले, कोणते हत्यार?

ते म्हणाले, ही खणायच्या हत्याराची पिशवी. लोखंडी डोके या गोल पोटात बसते: एका बाजूला पानासारखे फावडे, दुसऱ्या बाजूला टिकावासारखे टोक, मध्ये दांड्याचे भोक. दांडा वेगळा, आखूड. तो या दोन पट्ट्यांत अडकवायचा. खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांची खालची टोके कमरेखाली लोंबतात, ती या दोन बकलांत गेली की पिशवी कमरेखाली लटकते आणि चालताना मांडीवर आपटते. पुस्तिकेत ती का नाही, हेही मग नीट समजले. हे अवजार १९०८च्या नमुन्याचे, पहिल्या महायुद्धातले. दोन युद्धांच्या मधल्या काळात ते काढून टाकले गेले होते. १९३७चा साज बेतला तेव्हा त्यात त्याला जागाच नव्हती. दुसरे युद्ध पेटले आणि जमीन खणल्यावाचून माणूस वाचत नाही, हे पुन्हा एकदा कळले, तेव्हा जुनेच हत्यार परत आणले गेले. पुढे याच्या दांड्याला संगिनीचे टोक बसवून त्याने जमिनीतले सुरुंगही टोचून शोधू लागले. आम्ही ज्या चित्रांत ही पिशवी शोधत होतो, ती चित्रे तिच्या परत येण्याआधीची होती.

सुभेदार हे सांगत होते आणि आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत होतो. एका बाजूला पानासारखे फावडे, दुसऱ्या बाजूला टोक, दांडा आखूड.

बुटकी!

शाळेच्या बागेत काम केलेल्या कोणालाही बुटकी सांगावी लागणार नाही. साऱ्या कुदळी-फावड्यांत ती एकटीच तोकडी. मोठ्या मुलांना तिच्याने पाठ दुखे, म्हणून ती नेहमी पाचवी-सहावीच्या मुलांच्या वाट्याला येई. दवाखान्यापुढचे कडुनिंब, विहिरीकडच्या वाटेवरचे करंज, प्रार्थनागृहामागचा पिंपळ, यांची आळी आम्ही तिनेच केली. शाळेतल्या प्रत्येक पिढीच्या तळहातावर तिने एकेक फोड दिलेला आहे. त्या दिवशी मातीत पालथे होताना बाबांच्या हातात होती, ती बुटकीच.

परत येताना सुभेदारांनाही गाडीत घेतले. बुटकी बागेच्या खोपटात होती. दांडा कितव्यांदा तरी बदललेला, बाभळीचा, पण डोके तेच. फावड्याचे पान झिजून तीन बोटे उरलेले. माळीदादांनी पाचर ठोकून दांडा काढून दिला. डोके धुऊन पुसले आणि पिशवीत सोडले. ते आत गेले आणि बसले. वालाच्या दाण्याचे पोट म्हणजे त्या पात्याची कमान होती, वरची खोलगट जागा म्हणजे त्याची मान. झाकण बंद झाले, बटण टिचले. पन्नास वर्षे या दोन वस्तू एकाच आवारात शंभर पावलांवर होत्या. एकीचा उपयोग रोज होत होता, दुसरीचा कोणाला ठाऊक नव्हता आणि त्यांची ताटातूट आम्ही केली होती.

सुभेदारांना आम्ही बाबांबद्दल अजून काहीही सांगितले नव्हते. आम्ही फक्त विचारले, दांडा एवढा आखूड का? वाकून खणायला त्रास होत नाही?

“वाकून?” ते म्हणाले. “वाकून कोण खणतो? वरून गोळी जात असते.” आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस, आम्ही नको-नको म्हणत असताना, ओसरीवर पालथा झाला. छाती फरशीला, गाल फरशीला. एका कुशीवर कलून, हात आखडून त्याने माती ओढल्यासारखे केले आणि ती डोक्यापुढे रचली. “आधी डोक्यापुरती आड,” तो फरशीवरूनच सांगत होता, “मग छातीपुरता खड्डा, मग पाय. उठायचं नाही. ढुंगण वर केलं की संपलं.” मग तो दुसऱ्या कुशीवर वळला.

तो वळणारा खांदा आम्ही पूर्वी पाहिला होता. एकदा मातीत, एकदा रंगमंचावर.

सुभेदारांना हाताला धरून उठवले, पाणी दिले, आणि मग सारे सांगितले. प्रहसनही. ते रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा पिशवी मागितली आणि झाकणाच्या आत, बाणाच्या खाली, उजेडाकडे धरून पाहिले. शाईने हाताने लिहिलेले काही आकडे होते. शेवटचे तीन वाचता आले. शिपाई सामानावर आपला नंबर घालतो, ते म्हणाले. मात्र अर्ध्या नंबरावर माणूस सापडत नाही, आणि शिवाय तो नंबर बाबांचाच असेल असेही नाही. त्यांनी आणखी एक अडचण काढली, ती आमच्या लक्षात आली नव्हती. पलटण सोडताना सरकारी सामान जमा करावे लागते. मग पिशवी आणि हत्यार बाबांकडे कसे? आम्ही म्हटले, कदाचित दुकानदार म्हणाला तसे बाजारात घेतले असेल. सुभेदार म्हणाले, “घेतलं असेल. ढिगात शंभर वस्तू असतात. ही कशाची पिशवी आहे हे ठाऊक असल्याशिवाय हिच्यासोबत हेच डोकं कोण शोधून काढील?”

न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. आमच्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. पिशवी चार आण्यांत मिळते. पालथे पडून कुशी बदलण्याची ती रीत बाजारात मिळत नाही.

सैनिक असणे ही गोष्ट आमच्या समाजात केवळ नोकरी नव्हती, हे आजच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगायला हवे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील मृतांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे ‘लढवय्या जाती’ नावाचे शास्त्र निघाले आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी निवृत्तिवेतनाच्या बळावर मुलांना अक्षरओळख दिली होती, त्यांच्यावर पुन्हा गावकीच्या कामाला जाण्याची वेळ आली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच काही वर्षांत मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर आले आणि त्यांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पाठोपाठ दुसरी कामठीला. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. युद्धाअखेर हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती आणि युद्ध संपताच त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आले. थोड्या वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळत नसे. पोस्टमनच्या हातात बाबांसाठी काही का नसे, याचे उत्तर एवढे साधे होते, आणि ते आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नसले तरी विचारले असते तर कोठीच्या ओट्यावर मिळाले असते.

चाळीस-पन्नास वर्षे बंद असलेले दार ज्या साली उघडले, त्या दारातून बाबा आत गेले असावेत. आणि आम्ही त्यांना, त्यांच्याच वसतिगृहात, त्यांच्या हातची भाकरी खाऊन, हमाल ठरवले. हमाली हलकी असे कोणी समजू नये. परंतु आम्ही तो शब्द हलका म्हणूनच वापरला होता.

प्रदर्शनाच्या पाटीवर काय लिहावे, यावर आम्ही तिघे भांडलो. एकाला ‘दुसऱ्या महायुद्धातील महार सैनिकाची पिशवी’ हवे होते. दुसऱ्याचे म्हणणे, जे सिद्ध नाही ते शाळेच्या भिंतीवर लावू नये. मुले ते पाठ करतील. तिसऱ्याला प्रहसनाचाही उल्लेख हवा होता. अखेर ठरले ते असे: ‘खणण्याच्या अवजाराची लष्करी पिशवी. बनावट: भारत, १९४२ किंवा १९४३. कोठीतल्या बाबांच्या खोलीतून १९७४ साली न विचारता आणलेली.’ मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाचले, चष्मा काढला आणि विचारले, हे शेवटचे वाक्य ठेवायचेच का? ठेवायचेच, असे आम्ही सांगितले.

अडचण उरली ती एकच. बुटकी पिशवीत घालून काचेच्या पेटीत ठेवावी, असा आमचा बेत होता. माळीदादांनी साफ नकार दिला. “उन्हाळा तोंडावर आहे दादा, यंदाच्या रोपांना आळी कोण करणार? पाचवीच्या पोरांना दुसरं काही पेलत नाही.” आम्ही नवे फावडे आणून देतो म्हटले, तरी ऐकेनात. शेवटी तडजोड झाली. महोत्सवाचे तीन दिवस बुटकी सकाळी दहा ते पाच पिशवीत राहील. पाच वाजता डोके काढायचे, बाभळीचा दांडा ठोकायचा आणि ती बागेत जाऊ द्यायची. किल्ली माळीदादांकडेच राहील.